ट्रॅक्टरची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं आपल्याकडे एक जुना विधि होतो. बैल धुवून आणल्यावर त्यांचे खांदे ऊन पाण्यानें शेकतात आणि हळद व तूप लावून चोळतात. त्यास खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जूं वाहून ज्या जागेची कातडी निबर झालेली असते, नेमका त्याच जागेवरून तो हात फिरतो. आज खानदेशांतील कित्येक गोठ्यांत बैलांच्या जागीं एक लहानसा ट्रॅक्टर उभा असतो. पोळ्याला त्याच्याही कपाळीं कुंकू लागतें, दसऱ्याला त्याच्या गळ्यांत झेंडूची माळ पडते. परंतु त्याच्या खांदेमळणीची आठवण किती घरांत राहते? ही खांदेमळणी म्हणजे त्याच्या इंजिनांतील तेल योग्य तें निवडणें आणि वेळेवर बदलणें. तिच्याविषयींच मी आज बोलणार आहें.

शहरांतील कांहीं श्रोते मनांत म्हणतील कीं, आमचा या गोष्टीशीं काय संबंध? संबंध आहे. पुण्यामुंबईस किंवा नाशकास नोकरी करणारीं पुष्कळ कुटुंबें अशीं आहेत कीं, ज्यांची दहापांच एकर जमीन रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर किंवा साक्रीकडे आहे. ती भाऊ किंवा चुलते पाहतात, तिच्यांत सालदार राबतो, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता शहरांतील पगारांतून जातो. पैसा ज्याचा, निर्णयही बहुधा त्याचाच. आणि तो निर्णय फोनवर, यंत्र डोळ्यांनीं न पाहतां, घेतला जातो. अशा निर्णयांत किती मोठी चूक होऊं शकते, हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगूं शकतों.

यावल तालुक्यांत आमची केळीची व कापसाची थोडी शेती आहे. वडील बंधु ती पाहतात, मी पुण्यास असतों. सहा वर्षांपूर्वीं आम्हीं एक लहान ट्रॅक्टर घेतला. केळीच्या दोन ओळींमध्यें साधारणपणें पांच फुटांचें अंतर असतें. तेथें मोठा ट्रॅक्टर शिरत नाहीं. पंधरा-वीस अश्वशक्तीचा, मीटरभर रुंदीचा ट्रॅक्टर मात्र रोप लहान आहे तोंवर सहज फिरतो. पहिलें वर्ष उत्तम गेलें. दुसऱ्या वर्षीं, दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर इंजिनांतून ठोक्यासारखा आवाज येऊं लागला आणि त्याच दिवशीं तें शेतांत बंद पडलें. कारागिरानें इंजिन उघडलें, तेव्हां क्रँकवरील बुश झिजून चिकटून गेलेले आढळले. दुरुस्तीस चाळीस हजारांहून अधिक खर्च आला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनें करावी लागली, आणि तीही दहा दिवस उशिरां. घरांत एकमुखानें निकाल झाला कीं, सालदारानें हयगय केली. आखाजीला त्याचा हिशेब होईल तेव्हां त्याच्या सालांतून कांहीं रक्कम कापून घ्यावयाची, असें ठरलें. पुण्यास बसून मींही त्या निकालास संमति दिली. तो निकाल खरा नव्हता. खरा दोष कोणाचा होता, तें शेवटीं सांगतों. कारण तें समजण्यासाठीं आधीं तेलाची गोष्ट समजली पाहिजे.

यंत्राच्या तेलाला आपल्या भाषेंत वंगण असा जुना, चांगला शब्द आहे. बैलगाडीच्या काळीं गाडीला वंगणाची नळी टांगलेली असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान उतरे, आंसाला वंगण देई आणि पुढें चाले. चाक आपलें दुखणें ताबडतोब बोलून दाखवी. इंजिनाचें तसें नाहीं. तें बोलूं लागतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या खालींवर धांवतो आणि क्रँक मिनिटास दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. हे भाग एकमेकांना स्पर्श करीत आहेत असें वाटतें. पण इंजिन निरोगी असेल तर क्रँक आणि त्याचे बुश यांच्यांत धातु धातूला बहुतेक वेळ लागतच नाहीं. मध्यें तेलाचा, केंसाहूनही बारीक असा एक पडदा असतो, आणि क्रँक त्या पडद्यावर तरंगत असतो. पडदा टिकला तर इंजिन वर्षानुवर्षें टिकतें. तो तुटला तर कांहीं मिनिटांत पोलादही परस्परांस ओरबाडूं लागतें. हें तेलाचें पहिलें काम झालें. त्याखेरीज दट्ट्याच्या पोटाशीं, जेथें थंड करणारें पाणी पोंचत नाहीं, तेथील उष्णता तें वाहून नेतें. जळलेल्या डिझेलची काजळी तें आपल्या अंगांत धरून ठेवतें, म्हणजे ती धातूवर बसत नाहीं. दट्ट्याच्या कड्या व नळकांडें यांमधील फट तें बुजवितें, आणि यंत्र उभें असतां गंजाला दूर ठेवतें.

खानदेश हा तेलबियांचा मुलूख. जळगावास तेलबियांचें संशोधन-केंद्र आहे, आणि भुईमुगाच्या तेलाची फोडणी हा आमच्या घरांचा वासच आहे. तेव्हां घाण्याचें तेल इंजिनांत कां चालूं नये, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वेडगळ नाहीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहानसें डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. तें जळण म्हणून होतें. पण पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून चक्क एरंडेल दिलें जात असे, कारण एरंडेल पेट्रोलमध्यें सहजासहजीं मिसळत नाहीं. मात्र तीं इंजिनें थोडे तास चालत आणि वारंवार खोलून साफ केलीं जात. वनस्पतींचें तेल फार वेळ तापत राहिलें कीं हवेशीं संयोग पावून चिकट होतें. घरांतील कढईच्या कांठावर जो पिवळट, नखानें न निघणारा थर बसतो, तो प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. तोच थर दट्ट्याच्या कड्यांत बसला तर काय होईल, हें वेगळें सांगावयास नको. म्हणून आजचें इंजिन-तेल बहुतेक खनिज तेलापासून किंवा कृत्रिम रीतीनें बनवितात, आणि त्यांत झीज, गंज, फेस व काजळी यांवरील औषधें मिसळतात. हीं औषधें खर्च होतात. तेल बदलावें लागतें याचें मुख्य कारण हेंच.

आतां निवडीचा प्रश्न. ट्रॅक्टरबरोबर एक पुस्तिका मिळते. पुष्कळ घरांत ती देवघराच्या फडताळांत, विम्याच्या कागदांखालीं, कोरी करकरीत पडलेली असते. कोणत्या जातीचें तेल, किती लिटर आणि किती तासांनीं, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तिच्यांत असतात. दुकानदार, शेजारी आणि हा भाषण करणारा इसम यांच्यापेक्षां त्या पुस्तिकेचा शब्द मोठा मानावा. पण तिच्यांतील खुणांचा अर्थ समजला तर निवड डोळसपणें होते.

डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे आंकडे असतात. हे अंश नव्हेत, वर्षें नव्हेत आणि किंमतही नव्हे. अमेरिकेंत १९०५ सालीं मोटार-अभियंत्यांची एक संस्था निघाली; तिच्या नांवाचीं आद्याक्षरें एस. ए. ई. हीं डब्यावर असतात. तेलाच्या दाटपणाची प्रतवारी या संस्थेनें प्रथम १९११ सालीं ठरविली. 'डब्ल्यू' हें हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर. १५ डब्ल्यू म्हणजे शून्याखालीं वीस अंश सेल्सिअस इतक्या थंडींतही इंजिन फिरवितां येईल इतपतच तें तेल घट्ट होतें. दुसरा आंकडा ४० हा तेल शंभर अंशांस तापलें असतां त्याचा दाटपणा किती उरतो, त्याची प्रत दाखवितो. पहिला आंकडा जितका लहान तितकें तें थंडींत वाहतें. दुसरा जितका मोठा तितकें तें तापल्यावर दाट राहतें.

दाटपणाचा हा खेळ आपण घरींच पाहतों. पौषांत तुपाच्या बरणींत चमचा उभा राहतो, आणि वैशाखांत तेंच तूप पाण्यासारखें वाहतें. जुन्या एकेरी प्रतीच्या तेलाची स्थिति थोडीफार अशीच असे. दुहेरी आंकड्यांच्या तेलांत लांब साखळ्यांसारखे रेणू मिसळलेले असतात. थंडींत ते आंखडून पडतात आणि उष्णतेनें पसरतात; त्यामुळें तेल तापून पातळ होण्याचा वेग कमी होतो. तेल तापल्यानें दाट होत नाहीं, पातळच होतें, पण बेताबेतानें.

आतां आपल्या हवेचा विचार करूं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांस भिडतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहांटे तो दहाच्या खालीं उतरतो. म्हणजे शून्याखालची थंडी आपल्याकडे कधींच नाहीं, आणि उन्हाचा तडाखा मात्र भरपूर आहे. म्हणून पहिल्या आंकड्याची चिंता आपणांस फारशी नाहीं, दुसऱ्याची आहे. लहान डिझेल ट्रॅक्टरसाठीं पुस्तिकेंत सामान्यतः १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० असें लिहिलेलें आढळतें, आणि खानदेशाच्या हवेला तें मानवतें. ऊन कडक म्हणून कोणी आपल्या मनानें ५० प्रतीचें, अधिक दाट तेल घालतात. जितकें दाट तितकें चांगलें, हा समज चुकीचा आहे. फाजील दाट तेल सकाळच्या पहिल्या मिनिटांत वरच्या भागांपर्यंत उशिरां पोंचतें, आणि झिजेचा मोठा वांटा नेमका त्याच वेळीं पडतो. शिवाय तें घुसळण्यांत डिझेल फुकट जातें.

दुसरी खूण अक्षरांची. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेनें, म्हणजे ए. पी. आय. या संस्थेनें, तेलाच्या गुणांचे वर्ग पाडले आहेत. 'एस'नें आरंभ होणारे वर्ग पेट्रोलच्या इंजिनांसाठीं, आणि 'सी'नें आरंभ होणारे डिझेलसाठीं. सीएफ-४ हा वर्ग १९९० सालीं आला, सीएच-४ हा १९९८ सालीं, सीआय-४ हा २००२ सालीं आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस. यांपैकीं सीएफ-४ ला त्या संस्थेनें आतां निवृत्त केलें आहे. तरी तो डबा बाजारांत दिसतो आणि स्वस्त म्हणून खपतो. पुस्तिकेंत सांगितलेल्या वर्गाचें किंवा त्याच्या पुढच्या वर्गाचें तेल घ्यावें, मागच्या वर्गाचें घेऊं नये. भारतांत पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. ज्या इंजिनाच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, त्यास कमी राख सोडणारें खास तेल लागतें. आपल्या ट्रॅक्टरला तशी गाळणी नसेल, तर केवळ महाग आहे म्हणून तें घेण्याचें कारण नाहीं. तसेंच मुलाच्या मोटारसायकलचें उरलेलें तेल ट्रॅक्टरमध्यें ओतण्याचा मोहही आवरावा. पेट्रोल-इंजिनाच्या तेलास डिझेलच्या काजळीचा भार सहन करण्यासाठीं घडविलेलें नसतें.

तिसरी गोष्ट, ट्रॅक्टरमध्यें तेलें एकाहून अधिक असतात. दांतेऱ्यांच्या पेटीचें आणि अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचें तेल निराळें, इंजिनाचें निराळें. कांहीं ट्रॅक्टरांचे ब्रेकही त्या दुसऱ्या तेलांत बुडालेले असतात. एकाचा डबा दुसऱ्याच्या तोंडीं रिता केला तर नुकसान दोघांचेंही होतें. आणि चौथी गोष्ट, आठवड्याच्या बाजारांत पिंपांतून सुटें मिळणारें तेल घेऊं नये. मोहोरबंद डबा पावतीसह घ्यावा, आणि रिकामा झाल्यावर त्यास भोंक पाडून मगच भंगारांत द्यावा. नांवाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यांतच नकली तेल भरलें जातें, आणि तो डबा आपणच पुरविलेला असतो.

आतां तेल केव्हां बदलावें? येथें मी ज्या चुकीचा उल्लेख केला तिचें मूळ आहे. मोटारीचें वय आपण किलोमीटरांनीं मोजतों. ट्रॅक्टरचें वय तासांनीं मोजावयाचें असतें, कारण तो जागच्या जागीं पंप किंवा फवारणीयंत्र चालवितांनाही झिजत असतो. त्याच्या पुढ्यांत तासांचें घड्याळ असतें. नव्या ट्रॅक्टरचें पहिलें तेल साधारण पन्नास तासांस काढतात, कारण नव्या भागांचा बारीक कीस त्यांत उतरलेला असतो. पुढें बहुतेक पुस्तिका अडीचशे तासांच्या आसपासचा आंकडा देतात. कोठें तो कमी असतो, कोठें अधिक. आणि तास भरले नाहींत तरी वर्षांतून एकदां तेल बदलावेंच, कारण पडून राहिलेल्या तेलांत दमटपणा व आम्ल सांचतें. तास आणि वर्ष यांपैकीं जें आधीं भरेल तें खरें. ज्यांचा ट्रॅक्टर थोडाच चालतो, त्यांनीं आखाजीचा सुमार धरावा. सालदाराचें नवें साल तेव्हांच सुरू होतें, आणि पुढें खरिपाच्या मशागतीची धांदल असते.

पूर्वीं डिझेलमधील गंधकामुळें तेलांत पुष्कळ आम्ल तयार होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लक्ष भागांत दहा भागांहून अधिक गंधक नसलेलें डिझेल मिळूं लागलें, त्यामुळें तो त्रास बराच कमी झाला. पण दुसरा शत्रु जसाच्या तसा आहे. तो म्हणजे आपली धूळ. उन्हाळ्यांत काळ्या जमिनींत रोटाव्हेटर चालतो तेव्हां ट्रॅक्टर धुळीच्या ढगांत दिसेनासा होतो, आणि इंजिन तीच हवा श्वासावाटे घेतें. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या हवेच्या गाळणींत खालीं तेलाची वाटी असते. आंत येणारी हवा त्या तेलावर आपटते आणि धूळ तेलांत बसते. ही वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशीं चिखलाचा थर बसला असल्यास ती डिझेलनें धुवावी, कोरडी पुसावी, आणि नवें तेल खुणेपर्यंतच भरावें. अधिक भरल्यास इंजिन तें ओढून घेतें. या वाटीकडे दुर्लक्ष करणें म्हणजे नाकपुड्यांत माती भरून पैलवानास कुस्तीला पाठविणें होय.

तेल काळें झालें म्हणजे बिघडलें, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. डिझेल-इंजिनांत घातलेलें नवें तेल थोड्याच तासांत काळें होतें. काजळी धातूवर न बसतां तेलांत आली, याची ती खूण आहे. भय वाटलें पाहिजे तें दुसऱ्या लक्षणांचें. मोजपट्टीवरील तेल दूध घातलेल्या चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. न घालतांच तेलाची पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरत आहे. आणि पातळी पुन्हां पुन्हां खालीं जात असेल तर तें कोठें तरी गळत आहे किंवा जळत आहे. या तिन्ही प्रसंगीं तेल बदलून भागत नाहीं. कारागिरास दाखविलें पाहिजे.

ही परीक्षा रोज सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं करावी. ट्रॅक्टर सपाट जागीं असावा. मोजपट्टी काढून फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालावी आणि मग काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. वरच्या खुणेच्याही वर भरणें हें औदार्य नव्हे. फिरता क्रँक तें तेल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाचा पडदा कांहींच पेलत नाहीं.

बदलण्याची रीत अवघड नाहीं. अवजार जमिनीवर टेकवावें, ब्रेक लावावा, आणि इंजिन पांचदहा मिनिटें चालवून बंद करावें. कोमट तेल भरभर वाहतें आणि बुडाशीं बसलेला मळ बरोबर आणतें. फार तापलेलें असल्यास थोडें थांबावें. त्या तेलानें हात भाजतो. खालीं रुंद भांडें ठेवावें, वरचें झांकण काढावें आणि मग चेंबरचें बूच पान्यानें खोलावें. शेवटचे थेंब पडेपर्यंत घाई करूं नये. बुचावर करडा लगदा थोडासा असणें स्वाभाविक आहे. चकाकणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र तो वेळीच मिळालेला इशारा समजावा. आंतून धुवून काढण्यासाठीं रॉकेल किंवा डिझेल ओतूं नये. तें कोनाकोपऱ्यांत राहतें आणि नव्या तेलास पातळ करतें. बूच नवा वायसर घालून बसवावें, आणि आटे मरतील इतकें आवळूं नये.

तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. जुना ठेवून नवें तेल घालणें म्हणजे न धुतलेल्या तांब्यांत गंगाजल भरणें होय. जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनालाच चिकटून राहिलें नाहीं ना, तें पाहावें. नव्या फिल्टरच्या कड्यास तेलाचें बोट लावावें, तो हातानेंच फिरवावा, आणि टेकल्यावर त्याच्या अंगावर लिहिला असेल तेवढाच पुढें आवळावा. बहुधा तो पाऊण फेरा असतो. मग तेल भरून इंजिन मंद चालवावें. तेलाच्या दाबाचा दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन ताबडतोब थांबवावें. दोनतीन मिनिटांनीं बंद करून गळती पाहावी, दहा मिनिटें थांबावें, पट्टी पुन्हां पाहावी, आणि तारीख व तास लिहून ठेवावे.

उरला प्रश्न काढलेल्या तेलाचा. हें काळें तेल कुंपणाच्या खांबांना, दाराच्या चौकटींना वाळवी लागूं नये म्हणून फांसण्याची, कोठें कोठें गुरांच्या जखमेवर लावण्याचीही चाल आहे. उरलेलें बांधाशीं ओततात. श्रोतेहो, ही चाल सोडली पाहिजे. वापरलेल्या तेलांत झिजलेल्या धातूंचे कण असतात आणि कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. तें कातडीवर राहूं देऊं नये. हात लगेच साबणानें धुवावे. आणि जमिनींत ओतलेलें तेल तेथेंच राहत नाहीं. तापीकांठच्या आमच्या केळीबागा विहिरींवर व कूपनलिकांवर जगतात; ज्या मातींतून तें झिरपतें तिच्याच खालचें पाणी आम्ही पितों. २०१६ च्या नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तें परत गोळा करून शुद्ध करविण्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवरही टाकली आहे. म्हणून तें झांकणाच्या डब्यांत सांठवावें आणि अधिकृत रीतीनें तेल गोळा करणाराकडे किंवा तशा कारखान्यांत नेऊन द्यावें.

आतां माझी राहिलेली गोष्ट. इंजिन बसल्यानंतरच्या आखाजीला मी गांवीं गेलों. सालदाराचा हिशेब व्हावयाचा होता. तेलाची प्रत पाहावी म्हणून मीं डबा मागितला. दादांनीं कमरेची किल्ली काढून आंतल्या खोलींतील कपाट उघडलें. मींच आदल्या वर्षीं पाठविलेले दोन डबे तेथें होते, मोहोर न फोडलेले. मीं सालदाराकडे पाहिलें. तो म्हणाला, "दोनदां मागितलें होतें, भाऊ." दादा गप्प राहिले. मग मलाच आठवलें. पावसाळ्यांत दादांचा फोन आला होता कीं, गडी तेल बदलूं म्हणतो, आणि मीं उत्तर दिलें होतें, "अजून वर्ष कोठें झालें? दिवाळीपर्यंत राहूं द्या."

मीं महिने मोजले होते, आणि तो माणूस तास मोजीत होता. त्या वर्षीं दादांनीं ट्रॅक्टर शेजाऱ्यांकडे भाड्यानेंही दिला होता. शेवटच्या बदलापासून इंजिन बंद पडेपर्यंत घड्याळानें चारशे दहा तास पुढें गेलेले होते. पातळी खालच्या खुणेच्याही खालीं गेली होती आणि वर घालावयाचें तेल कुलुपांत होतें. ज्याच्या हातीं यंत्र होतें त्याच्या हातीं तेल नव्हतें. ज्याच्या हातीं तेल होतें तो यंत्राजवळ नव्हता. आणि ज्याचा शब्द चालत होता तो दोनशे कोसांवरून बोलत होता. पांचसहा महिने त्या माणसानें न केलेल्या अपराधाचा ठपका निमूटपणें सोसला. त्याच्या सालांतून एक पैही कापली गेली नाहीं, हें खरें. पण अंगणांत, चार माणसांसमक्ष त्याची क्षमा मागतांना मला जें वाटलें, तें दुरुस्तीच्या चाळीस हजारांत धरलेलें नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या घरीं तीन गोष्टी बदलल्या. तेलाचा डबा आतां कुलुपांत नसतो. तो ट्रॅक्टरच्या छपरींत फळीवर असतो. मोजपट्टी पाहून तेल घालण्याचा किंवा काम थांबविण्याचा अधिकार चालविणाराचा आहे. त्यासाठीं पुण्यास विचारावें लागत नाहीं. आणि खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्यांत रोज संध्याकाळीं घड्याळाचे तास लिहिले जातात. सालदाराच्या मुलीनें तें काम आपण होऊन घेतलें आहे, आणि अडीचशेचा आंकडा जवळ आला कीं ती त्याखालीं तांबडी रेघ ओढते.

आपलीही शेती गांवीं असेल, तर पुढच्या फोनच्या वेळीं पिकाच्या भावाबरोबर दोन प्रश्न अवश्य विचारा. तेल बदलल्याला किती तास झाले? आणि तेलाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?